लोकरी टोपीतला राक्षस

माझ्या पंचवीस वर्षांच्या लेकीनं मला एका राक्षसाच्या संसाराची गोष्ट वाचायला दिली, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. जपानी चित्रकथा होती, मँगा म्हणतात ती. "आई, हा चौथा भाग आहे. सगळा नको वाचू, फक्त हा चॅप्टर," असं म्हणून तिनं पुस्तक मिक्सरशेजारी ठेवलं आणि ती रीडिंगला, आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. ते मागच्या बाजूनं उघडून वाचायचं असतं, हे सांगायलाही थांबली नाही.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. आम्ही बौद्ध. नवस, मुहूर्त, दृष्ट काढणं यातलं आम्ही काही करत नाही आणि पोरीलाही तेच शिकवलं. त्याच पोरीनं शिंगं असलेल्या नवऱ्यांच्या पुस्तकांनी कपाट भरावं, याचा मला राग यायचा. माझा नवरा म्हणायचा, "वाचू दे गं. पोथ्यांमध्ये राक्षस म्हणून कुणाला मारलंय, ते तुला वेगळं सांगायला हवं का?" त्याला कशातही चळवळ दिसते.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. तिथे जेवणाच्या सुट्टीत मी ते पुस्तक उघडलं. बायको माणूस, बेकरी चालवणारी. नवरा राक्षस, बोटभर लांबीची दोन शिंगं, पण स्वभावानं गरीब. भांडी घासतो, बायकोच्या आधी उठून कणीक भिजवतो. मला तो आवडला. आमच्या नात्यातले काही जावई याच्यापेक्षा जास्त राक्षस आहेत.

त्या प्रकरणात दोघं पहिल्यांदाच तिच्या आईवडिलांकडे जेवायला जातात. शिंगं दिसू नयेत म्हणून त्यानं लोकरी टोपी घातलेली. सासू म्हणते, घर गरम आहे, टोपी काढा. हा म्हणतो, मला डोक्याला थंडी वाजते. घामाचे थेंब सूपमध्ये पडतात. मी एकटीच हसत सुटले. मग पान उलटलं. परतीच्या बसमध्ये बायको रडतेय आणि म्हणतेय, "मला तुझ्या शिंगांची लाज नाही वाटत. तू टोपी घातलीस आणि मी घालू दिली, त्याची वाटते."

हेच प्रकरण का वाचायला दिलं ते कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकी बोले सुने लागे, तसं. बोलणं राक्षसाला होतं, लागायचं मला होतं.

पुढच्या रविवारी आम्हाला तिच्या मित्राच्या घरी चहाला जायचं होतं. दोघांचं लग्नाचं ठरत आलं होतं. मुलाची आई डॉक्टर, मूळची पुण्याची, घरी देवधर्म पाळणारी. आणि माझ्या खात्यावर एक वीस वर्षं जुनं खोटं होतं.

आम्ही इथे नवे होतो. मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं होतं. एका बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" हा प्रश्न गणपतीबद्दल नसतो. विचारणाऱ्याला जात हवी असते आणि ज्याला विचारतात त्याला ते बरोबर कळतं. मी हसून म्हणाले, "दीड दिवसाचा." पाच वर्षांची लेक माझ्या मांडीला टेकून तिळाचा लाडू खात होती. गाडीत तिनं विचारलं, "आई, आपला गणपती कुठे आहे?" मी म्हटलं, लाडू खा.

एक खोटं सांभाळायला पुढे बरंच काही करावं लागलं. त्या बायका घरी येणार असल्या की हॉलमधला निळ्या कोटातला फोटो मी बेडरूममध्ये नेऊन ठेवायची. नवरा भांडला नाही, पण त्या दिवशी तो घरी थांबायचा नाही. एकदा बेल वाजली आणि माझे हात पिठाचे होते, तर लेकच म्हणाली, "आई, मी नेऊन ठेवू?" आठ वर्षांची असेल. मी 'हो' म्हणाले. आयुष्यात मी याहून वाईट काही केलं असेल असं मला वाटत नाही.

दुकानातून घरी आल्याबरोबर मी तिला फोन लावला. "मी राक्षसीण आहे का?"

"नाही, आई. पण संडेला तू काय सांगणार, ते मला माहीत पाहिजे."

"विचारलं तर बघू. आडनावावरून कुणाला काही कळत नाही आपल्या."

"तेच तर तू नेहमी सांगते. मला माझा लग्न तसा स्टार्ट नाही करायचा."

मी फोन ठेवला आणि तीन दिवस तिचे फोन घेतले नाहीत. माझा राग असाच आहे, चुकणाऱ्यावर कमी आणि चूक दाखवणाऱ्यावर जास्त.

रविवारी मुलाच्या आईनं कांदेपोहेच केले होते आणि त्याचं तिला स्वतःलाच हसू येत होतं. "अहो, तुमच्या गावात चौकाचौकात एवढे राउंडअबाउट, चक्कर नाही का येत?" तिनं विचारलं. मग माझं दुकान, माझा दुखरा गुडघा, सगळ्याची चौकशी झाली. "मूळ गाव कुठलं तुमचं?" असं ती म्हणाली तेव्हा चोराच्या मनात चांदणं, मी सावरून बसले. गाव सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली आणि पोहे वाढायला लागली. दुसरा चहा झाला. तो प्रश्न आलाच नाही.

आता कुणी विचारणार नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटली. समोर बसलेली लेक माझ्याकडे बघतही नव्हती, कपाच्या कानावरून बोट फिरवत होती. हिनं माझी आशा सोडली, असं वाटलं.

मी कप खाली ठेवला. "एक सांगायचं राहिलं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे गणपती नसतो." कुणाला तरी रागावल्यासारखा माझा आवाज चढला होता. नवऱ्याचा घास तोंडातच राहिला.

"अहो, माहीत आहे की आम्हाला," मुलाची आई म्हणाली. "हिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. आम्हाला त्यानं काही फरक पडत नाही."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. फरक पडत नाही, हेही सांगावं लागतंच ना! त्यावर बोलायला पुढे आयुष्य आहे. तेव्हा मात्र मला पहिलंच वाक्य पुरून उरलं. पोरीनं काहीच लपवलं नव्हतं. त्या खोलीत लपवणारी मी एकटी होते.

बशा ठेवायला आम्ही दोघी किचनमध्ये गेलो. मी हळू आवाजात विचारलं, "त्यांना माहीत आहे, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मी सांगितला असता, तर तू आज बोलली असती?"

मी नळ सोडला, एक बशी धुतली, मग दुसरी.

"नसते बोलले," मी म्हणाले.