मास्तरांची पहिली पाळी

रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर बाबांचा पोकरचा डाव बसे. पाच जण, आणि पैशांऐवजी चिंचोके. त्यात गिरणीच्या रंगखात्यातले एक मास्तर असत. त्यांची नखं कायम निळी. पानांना हात लावण्याआधी ते बोटं धोतराला पुसत.

पानं वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला सगळ्यांत आधी बोलावं लागतं, म्हणजे चिंचोके लावायचे की पानं टाकायची ते सांगावं लागतं. ती पाळी मास्तरांवर आली, की निदान राजांची जोडी नसेल तर ते मुकाट्यानं पानं टाकून देत. शेवटची पाळी असली, की हेच गृहस्थ तिऱ्यांच्या जोडीवरही खुशाल चिंचोके लावत.

"अहो मास्तर, चिंचोकेच आहेत, जहागीर नव्हे!" बाबा चिडवत.

"माझ्यामागनं चौघं बोलायचेत की. त्यांच्या मनातलं मला काय ठावं?"

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात एकदा पानं वाटता वाटता बाबांनी विचारलं, "पोरीला पुण्याला कॉलेजात पाठवावं का? माझं काही ठरत नाही."

मी चहा घेऊन मास्तरांच्या मागे उभी होते. पहिली पाळी त्यांचीच होती. हे गप्प बसणार आणि बाकीचे नको म्हणणार, हे मी धरूनच चालले.

मास्तरांनी पानं अजून उचललीही नव्हती. "पाठवा की," ते म्हणाले.

"मास्तर, मागनं चौघं बोलायचेत!" बाबांनी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

"बोलू द्या. मी बोललो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबा माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले. मग मास्तरांनी पानं उचलली. मला मागून दिसली. राण्यांची जोडी होती. त्यांनी ती नेहमीसारखी टाकून दिली.