कडूबाईचं बिनदाराचं कुंपण

शिंगणापूरच्या शिवेला लागून असलेल्या निंबारे वस्तीवर घरांना दारं नाहीत. चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. देव राखणीला आहे म्हटल्यावर कडी-कोयंड्याचा खर्च कशाला, असा सरळ हिशेब. फक्त रात्री उंबऱ्यावर एक फळी टेकवायची. ती चोरांसाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. चोरी न करण्याचा नेम माणसांनी धरला आहे, कुत्र्यांना कोणी विचारलेलं नाही.

अशा वस्तीत कडूबाई कुंपणं घालायचं काम करते. टकल्यांच्या आळीत कंगवे विकायला बसल्यासारखंच म्हणायचं. पण तिचं गिऱ्हाईक तुटत नाही, कारण कुत्र्यांसारखंच शेळ्यांनाही कोणी विचारलेलं नाही.

कडूबाई साठीच्या आसपासची. अंगानं काटकुळी, आवाजानं भरदार. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्यानं कुऱ्हाड हिच्या हातात दिली आणि ती तिनं अजून खाली ठेवलेली नाही. लग्नात सासरी येताना इतर बायका भांडी आणतात, हिनं भांड्यांबरोबर पहारही आणली. नवरा गोरक्षनाथ हा गरीब स्वभावाचा माणूस. ती खड्डा घेते, तो मेढ, म्हणजे कुंपणाचा खांब, धरून उभा राहतो. उभं राहण्याचं काम तो इतकं मन लावून करतो, की एकदा एका पाहुण्यानं मेढ समजून त्याच्या खांद्यावर टॉवेल वाळत घातला, असं कडूबाईच सांगते.

तिच्या कुंपणाला तार नाही, सिमेंटचा पोल नाही. ओढ्याकाठची बाभळ तोडायची, साल सोलायची, मेढीचं बुड जाळावर धरून काळं करायचं म्हणजे वाळवी लागत नाही. मग मेढी रोवायच्या आणि त्यांना वेड्या बाभळीच्या आडव्या बल्ल्या ओल्या सालीनं बांधायच्या. ती साल वाळली की अशी आवळते, की सुटायचं नाव नाही. बल्ल्या सगळ्या वाकड्या. कोणी त्यावरून बोललं, तर ती म्हणते, "झाडानं सरळ व्हायचं न्हाई ठरवलं, तिथं म्या कोन शिकवनार?"

तर गोष्ट तिच्या स्वतःच्या कुंपणाची.

तिचा विहिरीजवळचा तुकडा देवाच्या रस्त्याला लागून आहे. त्यात ती वांगी, मेथी, घेवडा लावते. कडूबाईची मोठी जमीन दिरांच्या वाटण्यांत कुठं कुठं विखुरली, पण हा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं दगड वेचून काळा केलेला. आणि तिच्या पुतण्याला, भागवतला, त्याच तुकड्यात पार्किंग दिसू लागलं. शनिवार आला की हा गळ्यात शिट्टी अडकवून रस्त्यात उभा. भाविकांच्या गाड्या हातानं वळवायचा, "या साहेब, इकडं सावली हाय," म्हणत थेट वांग्यांच्या सरीत घालायचा. सावली कसली, तर वांग्याची. गाडी गेली की कडूबाई चाकाच्या खुणांतून मोडलेली रोपं उचलायची आणि भागवत तिला म्हणायचा, काकी, देवाला आलेली मानसं हायेत, पुन्य लागंल.

पुण्याचा साठा पुरेसा झाल्यावर कडूबाईनं कुंपणाला हात घातला. तीन बाजू झाल्या. विहिरीच्या कोपऱ्यात तिनं एक दुबेळकं, दोन फांद्या फुटलेलं खोड रोवलं, म्हणजे आपल्याला त्यात पाय टाकून आत उतरता यावं, गुराला येऊ नये. रस्त्याची बाजू तेवढी राहिली, आणि भागवतनं मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली.

त्याचं म्हणणं मोठं भाविक होतं. कुंपण घातलं की फाटक आलं, फाटक म्हणजे दारच. आज काकीनं शेताला दार लावलं, उद्या कोणी घराला लावील, परवा कुलूप. वाडवडलांनी पाळलेलं मोडायचं का? हे सांगताना त्याचा आवाजही भरून आला. पारावरची जुनी माणसं हलली. वस्तीतले वडीलधारे राधाकृष्णतात्या बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी निवाडा दिला, की कुंपण घालायला कोणाची हरकत नाही, पण कडूबाई, दार तेवढं लावू नकोस.

भागवत हसला. त्याचं गणित सोपं होतं. दार लावायचं नाही म्हणजे रस्त्याची बाजू उघडी ठेवावी लागणार, आणि उघडी म्हणजे आपलीच.

"न्हाई लावत," कडूबाई म्हणाली आणि उठली. गोरक्षनाथही उठला, पण आपण कशाला होकार दिला हे त्याला घरी पोहोचेपर्यंत कळलं नाही.

त्या आठवड्यात शनिअमावस्या होती. म्हणजे रस्त्याला मुंगीलाही जागा नसते. गुरुवारी संध्याकाळी भागवतनं आपला छोटा हत्ती टेम्पो आणून तुकड्याच्या मधोमध उभा केला. त्यात पूजेची ताटं, नारळ, तेलाचे डबे, सगळं दुकान भरलेलं. जागा धरून ठेवायला, म्हणाला. कडूबाईनं त्याला बजावलं, गाडी काढ, मला उद्या काम आहे. तो चावी बोटावर फिरवत म्हणाला, "राहू दे की काकी. आपल्याकडं कोन नेतंय? चोरी हुती का इथं?"

आणि शुक्रवारी तो उरलेला माल आणायला नगरला गेला.

शुक्रवारी दिवस उगवल्यापासून नवरा-बायको रस्त्याच्या बाजूला लागली. ती खड्डे घेत होती, तो मेढी धरत होता. मध्येच गोरक्षनाथानं टेम्पोकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, की अगं, ही गाडी आत ऱ्हाईल.

"ऱ्हाऊ द्या. कोन नेतंय?"

दिवस कलेपर्यंत शेवटची बल्ली बांधून झाली. कुंपण चारी बाजूंनी पुरं. फटीतून मांजर गेली असती, पण टेम्पोची गोष्ट वेगळी.

शनिवारी सकाळी भागवत शिट्टी वाजवत आला आणि शिट्टी तोंडात तशीच राहिली. रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, त्याचं सगळं दुकान वाकड्या बल्ल्यांच्या पलीकडं, काचेला शेंदराचं स्वस्तिक मिरवत उभं. त्यानं कुंपणाला एक पूर्ण फेरी मारली. दुबेळक्यापाशी थांबून त्यानं टेम्पोकडं आणि त्या फटीकडं आळीपाळीनं पाहिलंही. वस्ती जमली. तात्याही आले.

भागवत तरातरा पुढं झाला आणि त्यानं बल्लीला हात घातला. कडूबाई आत मेथीला पाणी देत होती. तिनं खोरं टेकवलं.

"उपट," ती शांतपणे म्हणाली. "आपल्या घरांना दारं का न्हाईत रं भागवता? दुसऱ्याच्या वस्तूला आपन हात लावत न्हाई म्हनून ना? मग लाव हात. समद्यांच्या देखत लाव."

बल्लीवरचा हात तिथंच थिजला. सगळी वस्ती त्या हाताकडं पाहत होती. मग तो हात सावकाश मागं आला आणि काय करावं न सुचून डोकं खाजवू लागला.

"काकी," तो खालच्या पट्टीत म्हणाला, "एखादं फाटक बसव की."

हसायला आधी बायकांनी सुरुवात केली, मग पुरुषांना आवरेना. तात्यांनी मिशी दाबून धरली, पण मिशीलाच हसू फुटलं. कडूबाई मात्र हसली नाही. दार तर पारावर बंद झालं, आता म्या वाडवडलांचं कसं मोडू, असं तिनं त्याला विचारलं. मग तिनं अट घातली. ह्या तुकड्यात पुन्हा कोणाची गाडी घालणार नाही, हे तात्यांच्या समोर, मारुतीकडं तोंड करून म्हण.

भागवतनं आधी तात्यांकडं पाहिलं, मग गाड्यांच्या रांगेकडं. एका गाडीतल्या माणसानं काच खाली करून पार्किंग कुठं म्हणून विचारलं. तेव्हा भागवत मारुतीकडं वळला आणि म्हणाला. तोंडातल्या तोंडात म्हणाला म्हणून कडूबाईनं परत म्हणायला लावलं.

मग तिनं विळ्यानं साली कापल्या आणि बल्ल्या बाजूला केल्या. टेम्पो मागं मागं घेत भागवत बाहेर पडला. जाता जाता एक वांग्याचं झाड मोडलंच. तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तर त्यानं उतरून ते सरळ उभं करून ठेवलं.

तात्यांचं मन आता मऊ झालं होतं. म्हणाले, कडूबाई, झालं गेलं जाऊ दे, बसव एक फाटक, शेताच्या फाटकाला देव काय म्हणत नाही, मी सांगतो पारावर.

"मला फाटक कवाच नको हुतं, तात्या," ती बल्ली उचलत म्हणाली. "मला फकस्त ह्यो भाईर पायजे हुता."

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तिनं ओल्या सालीचं टोक दातात धरलं आणि दुसऱ्या हातानं गोरक्षनाथाला खूण केली, मेढ धरा.