हौसाची शेवटची कुपी

पूर ओसरला की आम्ही सांगलीकर घर दहादा धुतो, तरी दिवाळीत कपाट सरकवलं की मागं चिमूटभर गाळ निघतोच. शेजारच्या विद्यापीठाचे किस्से तसेच आहेत. संपले म्हणावं तर कोपऱ्यात एखादा असतोच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या प्रयोगशाळेचं मागचं दार दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. पण भाजी चिरताना डोळे कुठंतरी ठेवावेच लागतात ना.

*

एकदा तिथं आपत्तीचं मॉकड्रिल झालं. सकाळी अकराला भोंगा वाजला आणि पोरंपोरी, मास्तर, सगळे मैदानात गोळा. आता ते मैदान म्हणजे आवारातली सगळ्यात खोल जागा. पुराचं पहिलं पाणी तिथंच येतं. मला राहवेना. कुंपणावरून म्हटलं, "आवं साहेब, इथं तर गळ्याएवढं पाणी असतंय."

आपत्ती समितीचे साहेब बदलून आलेले, नवे. म्हणाले, "ताई, ड्रिलमध्ये पाणी धरलेलं नाही. आग धरलीय."

प्रयोगशाळेतला शिपाई बापू मागंच उभा होता. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. हळूच म्हणाला, "लागू द्या की काकू. पूर येईलच इझवायला."

*

त्या प्रयोगशाळेच्या वैशाली मॅडम आमच्याच माडीवर भाड्यानं राहतात. कॅन्सरवर काम करतात. मी आठवी पास, पण विचारायला काय लागतं? मेथी निवडता निवडता विचारलं, "नेमकं काय करता हो तुम्ही?"

म्हणाल्या, "काकू, अंगातल्या पेशीला आपली वेळ झाली की कळतं. ती गुपचूप मरते आणि दुसरीला जागा देते. कॅन्सरची पेशी मरायचंच विसरते. तिला मरायची आठवण कशी करून द्यायची, ते मी शोधते."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन."

मॅडम इतक्या हसल्या की निवडलेली मेथी परत देठांत मिसळली. पुढं म्हणे वर्गातही त्यांनी हेच उदाहरण दिलं. त्या वर्गात चेअरमनचा नातू होता.

*

बापूची बायको हौसा. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिच्या छातीत गाठ निघाली आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, गाठीचा तुकडा संशोधनाला देणार का. मॅडमनी स्वतः जवळ बसून कागद वाचून दाखवला.

हौसा म्हणाली, "न्या की. मला काय त्येचं लोणचं घालायचंय? पर एक हाय. त्या तुकड्याची बाटली ह्यांच्याच हाताखाली ठिवा. माझ्याकडं बघायला सवड गावली न्हाई ह्यांना, तिच्याकडं तरी बघतील."

बापू दाराशी उभा होता. चपलेनं फरशी घासत राहिला.

वर्षाच्या आत हौसा गेली. तुकडे चारपाच बायकांचे आले होते. बाकीच्यांच्या पेशी जगल्या नाहीत, हौसाच्या वाढल्या. त्यांना लागतं ते गुलाबी पाणी मॅडम बदलायच्या आणि बापू त्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत वाकून बघायचा.

एकदा मी विचारलं, "काय दिसतंय रं?"

"लय वाढलीया," तो म्हणाला. "आमच्याकडं हुती तवा दोन घास जात नव्हते."

मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

*

मॅडमनी सांगितलं होतं, या पेशी कायम वाढत नाहीत, थकतात. म्हणून थोड्या गोठवून ठेवायच्या. मोठा कॅन असतो, आत वाफाळणारा गार नायट्रोजन. बापूला त्याचं कौतुक नव्हतं. "गाई गाभण करायला ढोरांचा डॉक्टर फटफटीवर आणतो त्योच कॅन हाय ह्यो," म्हणायचा. पण पुसायचा रोज.

वापरता वापरता शेवटी कॅनमध्ये हौसाची एकच कुपी राहिली. मॅडमच्या औषधाची शेवटची चाचणी तिच्यावरच व्हायची होती. त्याआधी पूर आला.

समितीची यादी तयार होती, कोणती वस्तू कुठल्या क्रमानं वर न्यायची. यादी साहेबांच्या खोलीपासून सुरू झालेली. क्रमांक एक, साहेबांची फिरती खुर्ची. प्रयोगशाळा तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, म्हणून कॅन सत्तेचाळिसावा.

दुपारी पाणी व्हरांड्यात शिरलं. माझ्या खिडकीतून दिसत होतं. गुडघाभर पाण्यातून बापू निघाला. खुर्ची तरंगत त्याच्या आडवी आली, त्यानं पायानं बाजूला सारली. कॅन आडवा झाला तर संपलंच, म्हणून पोटाशी उभा धरला आणि मागच्या जिन्यानं तीन मजले चढला. साठीला टेकलेला माणूस.

पूर ओसरल्यावर त्याला मेमो आला. क्रमांक एकची वस्तू प्रथम का उचलली नाही, याचा लेखी खुलासा करावा.

बापूनं लिहिलं, "हात दोनच होते."

*

दिवाळी झाल्यावर मॅडमनी कुपी बाहेर काढायचं ठरवलं. "बापू, तुम्ही नको म्हणालात तर थांबते," म्हणाल्या.

"तिनं कशाला दिली हुती मग?" बापू म्हणाला. कॅनचं झाकण त्यानंच उघडलं.

पेशी उठल्या, वाढल्या. मग मॅडमनी औषध घातलं. तिसऱ्या दिवशी मॅडम धावत बाहेर आल्या. चेहरा फुललेला. दारात बापू दिसला आणि पाऊल अडखळलं. हे मी खिडकीतून पाहिलं, पुढचं मॅडमनी सांगितलं.

बापू दुर्बिणीत वाकला. बराच वेळ.

"समद्या गेल्या?"

"सगळ्या."

"तरास?"

"नाही बापू. आपसूक जातात. वेळ झाल्यासारख्या."

"बरं झालं," तो म्हणाला. बाटली मॅडमच्या सांगण्याप्रमाणं जंतुनाशकात बुडवली, मग घासली, फडक्यावर पालथी घातली. हात धुतले. ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज मागितला.

क्लार्कनं अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. "बापू, कारणात 'पत्नीचे निधन' लिहिलंय. ही रजा तुम्ही मागंच घेतलीय."

मॅडम बापूच्या मागून आल्या, क्लार्कच्या खिशातलं पेन काढलं आणि अर्जाखाली सही केली.