नवऱ्याच्या सहीची रिकामी जागा

याकोमिना मावशीला पाणीखात्याने दोनदा नेमलं आणि एकदा काढलं. ती मात्र म्हणते, "मला कुणी काढलेलंच नाही. त्यांनी पत्र पाठवलं, एवढंच."

आमच्या समुद्रकाठच्या मॉसेलहुक गावाच्या धक्क्यावर, पायऱ्यांना लागून, सेंटीमीटरच्या खुणा असलेली पांढरी पट्टी आहे. दर भरती-ओहोटीला पाणी कुठवर आलं ते वाचून वहीत लिहायचं, हे काम आधी माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, करायचे. त्रेपन्न साली जानेवारीच्या शेवटच्या रात्री ते पट्टी बघायला गेले. पहाटेपर्यंत समुद्र अडवणारे बांध फुटले होते आणि आजोबा परतले नव्हते. दुपारी अर्धाच उरलेल्या धक्क्यावर मावशी उभी राहिली आणि तिने नवी वही उघडली. रविवार होता. चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, "आजच्या दिवशी काम करू नये, याकोमिना."

"भरतीने पाळला का रविवार, काका?" तिने विचारलं आणि आकडा लिहिला.

महिन्याभरात खात्याने तिला रीतसर नेमलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिने मारिनुसशी लग्न केलं. समुद्रात शिंपले वाढवायचे आणि विकायचे हा त्याचा धंदा. लग्नाच्या आठव्या दिवशी खात्याचं पत्र आलं. लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवता येत नाही, असा तेव्हा नियमच होता. पाकिटावर नाव मारिनुसचं होतं.

त्याने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. "नोकरीवरून तुला काढलंय आणि कळवलंय मला. उत्तर कोण देणार?"

"कुणीच नाही. किती वाजले? भरती होईल."

ती गेली. दुसऱ्या दिवशी गेली आणि त्यानंतरही रोज गेली. खात्याने धक्क्यावर नवं यंत्र बसवलं. उभ्या नळात एक तरंगा, नळाच्या तळाशी पाणी आत यायला भोक, आणि वर घड्याळाच्या चावीने फिरणारा कागद. पाणी चढलं की पेन आपोआप वर सरकतं. यंत्राला नवरा नसतो, असं गावातले लोक म्हणायचे. मासे उतरवणाऱ्या बायका तिला विचारायच्या, "याकोमिना, फुकटचा पहारा अजून चालू आहे का?"

"पाणी यायचं थांबलं की थांबेन," ती म्हणायची.

पंचावन्नच्या नोव्हेंबरात वादळ झालं. बांधाचं काही बिघडलं नाही, म्हणून सगळे विसरले. जानेवारीत मात्र खात्याचे इंजिनियर टर्विन्ट साहेब गाडी घेऊन तिच्या दारात आले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि तिथेच बटाटे सोलत बसले होते. मावशीने कॉफी ओतली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"नवे बांध किती उंच बांधायचे त्याचं गणित चाललंय," साहेब म्हणाले. "आजूबाजूच्या सगळ्या धक्क्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात. तुमच्या धक्क्याचा तेवढा जुळत नाही. यंत्र म्हणतं, दोन मीटर अठ्ठ्याण्णव. कुणीतरी म्हणालं, तुम्ही अजून वाचता."

"तीन मीटर एकेचाळीस," मावशी म्हणाली. वही उघडायची तिला गरज पडली नाही. "दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. घ्या लिहून. पाणी काही माझ्या मालकीचं नाही."

साहेबांनी लिहिलं नाही. "त्रेचाळीस सेंटीमीटरचा फरक? यंत्र इतकं चुकेल?"

मारिनुस कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत होता. तो उठला. "चला साहेब, दाखवतो."

ओहोटी होती. पायऱ्या उतरून मारिनुसने लांब दांड्याची आकडी नळाच्या तळाशी घातली आणि काळ्या शिंपल्यांचा नारळाएवढा गुच्छ ओढून साहेबांच्या बुटांपाशी टाकला. "मी यांच्यासाठी जागेचं भाडं भरतो. तुमच्याकडे ते फुकट राहतात."

भोक जवळजवळ बुजलं होतं. नळात पाणी हळूहळू शिरेपर्यंत बाहेर ओहोटी लागत असे. पेनाला भरतीचा माथा कधी दिसतच नव्हता.

घरी आल्यावर साहेबांनी आपला तक्ता उघडला. मग म्हणाले, "तुमचा आकडा खरा आहे. पण नेमलेल्या वाचकाच्या सहीशिवाय मी तो तक्त्यात घेऊ शकत नाही. एक मार्ग आहे. मारिनुसना वाचक नेमतो, मागच्या तारखेपासून. वाचा तुम्हीच, सही त्यांची. पगारही घरातच येईल."

मी मारिनुसकडे पाहिलं. वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

"त्या दिवशी चार वाजता मी होडीच्या तळाशी ओकत पडलो होतो," मारिनुस म्हणाला. "मी कसली सही करू?"

"मला नेमा," मावशी म्हणाली. "हेगला संसदेत ठराव झालाय ना सप्टेंबरात? लग्न झालं म्हणून बाईला काढू नका असा?"

"दोन मतांच्या फरकाने झालाय, बाई. आमच्यापर्यंत अजून परिपत्रक आलेलं नाही. आणि नेमलं तरी अर्जावर नवऱ्याची संमती लागते. कायद्याने तुमची एकटीची सही धरत नाहीत."

"मग यंत्राचा आकडा घ्या. बांध त्रेचाळीस सेंटीमीटर कमी बांधा. आणि खाली लिहा, खरा आकडा माहीत होता, पण तो एका बाईने वाचला होता." तिने त्यांच्यासमोरचा कप उचलला. "माझे वडील पट्टी वाचायला जाताना बुडाले, साहेब. मी त्या पट्टीवर खोटी सही होऊ देणार नाही. नवऱ्याचीसुद्धा नाही."

साहेबांनी बॅगेतून अर्ज काढला. तिने तो भरला आणि सही केली. मग खालची नवऱ्याच्या सहीची जागा दाखवत तिने मारिनुसला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

"मला भूक लागलीय," तो म्हणाला.

ती जागा तशीच रिकामी राहिली. निघताना साहेबांनी आपल्या तक्त्यात पेन्सिलीने लिहिलं: ३.४१, वाचक याकोमिना बोखर्ट. त्यांच्या हाती तेवढंच होतं.

अपूर्ण आहे म्हणून अर्ज तीन वेळा परत आला. तिन्ही वेळा मावशीने तो तसाच, नवं तिकीट लावून, परत पाठवला. पोस्टमन चिडवायचा, "हा अर्ज माझ्यापेक्षा जास्त फिरतो." वर्षभर ती बिनपगारी वाचत राहिली. सत्तावन्नच्या जानेवारीत कायदा बदलला आणि नवा अर्ज आला. त्यावर नवऱ्यासाठी जागाच नव्हती.

आता मी डेल्फ्टला आहे. बांधांचं गणित करणाऱ्या यंत्राला आकडे पुरवायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या महिन्यात ३.४१ समोर आला. पेन्सिलीवर कुणीतरी शाई फिरवली होती.

मावशीची नेमणूक झाली, पण भांडण मिटलेलं नाही. सेवेची सुरुवात या रकान्यात ती दरवर्षी १ फेब्रुवारी १९५३ लिहिते. कारकून ते खोडून १९५७ करतो. ती ते खोडते आणि सोबत मधल्या पावणेतीन वर्षांच्या वह्यांची यादी जोडते, एकही भरती न चुकलेली.

गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, "मावशी, आता सोड ना. चारच वर्षांचा तर फरक आहे."

"याना, तुझ्या यंत्राला विचार," ती कोट चढवत म्हणाली. "मधली वर्षं त्याने सोडली का?"

आणि पट्टीकडे निघाली.