पळायच्या मशीनसाठी सोवळ्यातले बूट

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासहा वाजता, रत्नागिरीतल्या आमच्या व्यायामशाळेत. वेळ नक्की सांगते, कारण मी छत्री घेऊन तिथेच उभी होते.

ती तेव्हा सोळा वर्षांची. तीन हजार मीटर पळायची. गणपतीनंतर जिल्ह्याची निवड होती आणि पहिल्या तिघी पुढे जाणार होत्या. पण आमच्याकडे पावसात पळायचं कुठे? गावाबाहेरच्या सड्यावर, त्या जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, असं शेवाळ धरतं की गुरंसुद्धा जपून पाय टाकतात. पालीकडे जाणारा रस्ता त्यातल्या त्यात बरा, पण झड लागली की चार-चार दिवस तोही बंद. दरवर्षी पावसात तिचा दम उतरायचा, आणि परत येईपर्यंत निवड होऊन गेलेली असायची.

व्यायामशाळेत मात्र पळायचं मशीन होतं. कुवेतला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी दिलेलं. विजेवर चालणारं नव्हे. पुढची दांडी धरायची आणि रबरी पट्टा आपल्याच पायांनी मागे ढकलत पळायचं. जोर-बैठका मारणाऱ्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला आखून दिलं : तीन दिवस मशीन, तीन दिवस रस्ता. म्हणाले, "नुसती मशीनवर पळशील तर उतारावर गुडघे रडतील. नुसती रस्त्यावर पळशील तर अख्खा आषाढ फुकट."

महिनाभरात फरक दिसला. "ताई, त्या पट्ट्यावरनं उतरून रस्त्यावर गेलं ना, की रस्ता हलका लागतो गो," असं ती सांगायची. मशीनच्या दिवशीही घरापासून व्यायामशाळेपर्यंत ती पळतच जायची, पाऊस असो नसो. आणि तिथेच घोळ झाला. त्या सकाळी तिच्या कॅनव्हासच्या बुटांनी काळ्या पट्ट्यावर लाल चिखलाचे ठसे उमटवले, आणि नेमके व्यायामशाळेचे सेक्रेटरी आत आले.

"अगो, हे काय केलंस? खंडेनवमीला पूजा करतो आपण ह्याची! हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूवर बूट घालून चढतेस?"

"काका, पळायचं मशीन आहे ते. पुसून देते."

"मग पळ की. नको कोण म्हणतंय? अनवाणी पळ. बाकीचे काढतात ना चपला दारात?"

मला राहवलं नाही. "काका, खंडेनवमीला एस.टी.लाही हार घालतात. मग पालीला जाताना चपला स्टँडवर ठेवून जायचं का?"

"तू गप गो. तुझं तोंड तू वाटतेस त्या पत्रकांत चालव, इथे नको."

त्या दिवसापासून ती अनवाणी पळू लागली. पट्टा पायाने ढकलायचा म्हणजे सगळा जोर चवड्यावर, आणि रबर खरखरीत. पाचव्या दिवशी दोन्ही चवड्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी रस्त्याची पाळी, तेच फोड ओल्या बुटात घासून फुटले. सरांनी आखलेलं सगळं उलटं झालं. मशीनने रस्ता बिघडवला, रस्त्याने मशीन. तिने कुणाला सांगितलं नाही. मोज्यांना लागलेलं रक्त आईने धुताना पाहिलं, तेव्हा कळलं.

मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी लिहिली, एस.टी.च्या फेरीसाठी लिहिली. त्याच संध्याकाळी बसले आणि सायक्लोस्टाइलच्या प्रतींसाठी स्टेन्सिल कापली. मथळा दिला : 'मशीनची पूजा, मुलीला सजा'. सेक्रेटरींना 'रबराचे पुजारी' म्हटलं. बाजारात, स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी, जो हात पुढे करील त्याच्या हातात दिलं. लोक हसले. मला वाटलं, जिंकले.

घरी आले तर ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. पत्रक तिच्या हातात.

"हे तू कुणाला विचारून लिहिलंस?"

"विचारायचं काय त्यात? अन्याय आहे."

"माझ्यावर झाला ना? मग मला विचारायचंस. काका काल कबूल झाले होते. नवे बूट आण म्हणाले, रस्त्यावर एकदाही न घातलेले. ते तिथेच कपाटात राहतील, नुसते मशीनपुरते. सोवळ्यातले बूट म्हणाले, आणि स्वतःच हसले. मुंबईला मामाला पत्रही टाकलंय मी."

तरी मी म्हटलं, "असली सोवळी मान्य करायची?"

"तुला वाद जिंकायचाय. मला पळायचंय."

दुसऱ्या दिवशी कमिटीने मशीनवर प्लॅस्टिक घालून दोरीने बांधलं. संस्थेची बदनामी झाली म्हणून. आता बुटांचा प्रश्नच उरला नाही, कारण मशीनवर कुणीच चढायचं नव्हतं. देवळातल्या मूर्तीलासुद्धा रोज अंघोळ घालतात हो, ह्याला नुसतं गुंडाळून ठेवलं! मामाचं पार्सल आठवड्याने आलं. पांढरे बूट, तळव्याला धूळ नाही. निवडीपर्यंत ती फक्त रस्त्यावर पळाली, तीही पाऊस देईल तेवढीच. शेवटच्या फेरीत दम संपला. चौथी आली.

मी दोष झटकत नाही. कमिटीने तिचे पाय सोलले आणि मी तिची तडजोड मोडली. पण माझी चूक मी तिच्यासमोर कबूल केली. कमिटीतला एकही माणूस आजवर तिच्याशी बोललेला नाही. आणि मशीन अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

यंदा तिच्या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. मृग तोंडावर आलाय. मशीन खुलं करण्यासाठी खास सभा बोलवा, असा अर्ज तिने स्वतः लिहिलाय, माझा एक शब्द त्यात नाही. सभासदांच्या सह्या लागतात, आणि त्यासाठी मी दारोदार फिरतेय. बरेचजण म्हणतात, "पोरीचं वाईट झालं हो," आणि चहा विचारतात. मला चहा नको. तुम्ही सभासद असाल तर सही करा, आणि सभेला या. नसाल तर तुमच्या आळीतल्या एका सभासदाला हाताला धरून आणा. ह्या आठवड्यात.