देवाच्या चुका काढणारे मामा

आमच्या मोठ्या मामांइतका देवाच्या चुका काढणारा देवभक्त उभ्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. नास्तिक लोक देवाला नाकारून मोकळे होतात, भाविक लोक नारळ फोडून मोकळे होतात. मामा सत्तरी ओलांडली तरी मोकळे झालेले नाहीत. आमच्या पोवारांच्या घरात स्वयंपाकघरातच देवाचा एक मातीचा ओटा असतो, त्याला चौरी म्हणतात. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या पंच्यानिशी मामा त्या चौरीसमोर उभे राहतात आणि सरपंच ग्रामसेवकाला ज्या आवाजात झापतो त्या आवाजात देवाला जाब विचारतात. "काल त्या शेजाऱ्याच्या गाईले दोन डोक्याचं वासरू देल्लं. कायले? एक डोकं पोसता पोसता त्याच्या नाकी नऊ येते." मग उदबत्ती लावतात, हात जोडतात, आणि "जाऊ दे, होते कधी कधी," अशी देवाची समजूतही तेच काढतात. चुलीपुढून मामीचा शेरा ठरलेला, "पूजा कमी अन् पंचायतच जास्त."

मामांचं म्हणणं असं की देवाला पहिल्या झटक्यात काही जमत नाही. तो करून पाहतो, बिघडतं, मग दुसरं करतो, आणि बिघडलेलं फेकून न देता तसंच जगात सोडून देतो. याचे पुरावे त्यांच्याकडे ढिगाने होते. पावसाळ्यात धानाच्या एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, दुसऱ्या बांधीत चिखलावरून सरपटत जाणारा मांगूर मासा दिसला की ते मला हाताला धरून दाखवायला न्यायचे. "हा पाह्य, बाई. हा अर्धा राह्यलेला बेडूक. याले पाय लावाचेच होते, तेवढ्यात देवाले कोणीतरी बोलावलं असन." वटवाघूळ म्हणजे उंदराला पंख लावून चोच लावायची राहिली. झाडावरचं लंगूर म्हणजे माणूस करता करता देव जेवायला उठला. एकदा गोंदियाच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो बघून "झीज झाली आहे, वयानं होतं" असं सांगितलं, तर मामा त्यांनाच समजावू लागले. "वयानं नाई जी. चार पायाचं जनावर उभं करून देल्लं अन् गुडघे जुनेच ठेवले. दोन पायावर चाराचं वजन कसं पेलंल?" डॉक्टर म्हणे हसले आणि मालिशचं तेल बदलून दिलं. घरी येऊन मामांनी चौरीसमोर तो फोटोच धरला. मामी म्हणाली, "आता देवाले बी एक्स-रे वाचाले लावाचं काय?" मामा म्हणाले, "पाहू दे ना. थो बी शिकूनच राहिला."

लहानपणी मला हे सगळं फार आवडायचं. मग मी शिकले. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. आईला सही येते, बाबांना तीही येत नव्हती. गोंदियाच्या होस्टेलला राहून मी बी.एस्सी. केलं, विषय प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, आणि उत्क्रांतीचा पेपर मला असा काही आवडला की सुट्टीत घरी आले की मी दिसेल त्याला तो शिकवायचे. मामांना तर जास्तच. "मामा, कोणी बनवत बिनवत नाही. पिल्लं थोडी थोडी वेगळी निघतात, जे तिथं टिकतं ते टिकतं, बाकीचं मरतं. लाखो वर्षं असं चालतं." मामा मन लावून ऐकायचे. मग म्हणायचे, "बराबर हाय. मी कायी वेगळं सांगून राहिलो का? तुमच्या पुस्तकानं फक्त देवाचं नाव तेवढं काढून टाकलं." मला याचा संताप यायचा. एवढी मेहनत करून मी जे शिकले ते या माणसाला आधीच माहीत असल्यासारखं तो बोलतो, आणि वर त्याला शेंदूर फासतो.

दुसऱ्या वर्षाला असताना आमची अभ्याससहल बोदलकसा तलावावर गेली. मामांना कुठून कळलं देव जाणे (हे मामांचंच वाक्य), पण ते सकाळी तिथे हजर, हातात स्टीलचा मोठा डबा, अंगात लग्नाचा कोट. पाण्याकाठी सर आम्हाला माशांचे कल्ले समजावून सांगत होते आणि मामा मध्येच मांगुराचं प्रकरण घेऊन बसले. पाय लावायचे कसे राहिले, ते त्यांनी सरांना हातवारे करून दाखवलं. पोरी हसून लोळल्या. सर मात्र हसले नाहीत, कौतुकाने ऐकत होते, पण ते मला तेव्हा दिसलंच नाही. मला दिसत होता मामांच्या कोटाच्या खिशातून लोंबणारा तंबाखूचा बटवा. कोणीतरी विचारलं, "काका, तुम्ही इथलेच का?" पोरी सगळ्या त्यांना काका म्हणायला लागल्या. आणि मीही म्हणाले, "काका, सरांना पुढे शिकवू द्या ना."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हो बाई, हो. बोला जी तुमी," असं सरांना म्हणून ते बाजूला झाले. दुपारी त्यांनी डबा उघडला, सगळ्या पोरींना अनरसे वाटले, मला सगळ्यांच्या शेवटी, आणि सगळ्यांना देताना म्हणत होते तसंच मलाही म्हणाले, "घे पोरी." ते मला कधी पोरी म्हणत नसत. आमच्यात भाचीला मान असतो. मामा वयाने कितीही मोठा असो, भाची घरी आली की तो वाकून तिच्या पाया पडतो, आणि तिला अहो-जाहो नाही तरी 'बाई' म्हणतो. त्या दिवशी मी ओळख सोडली म्हणून त्यांनी मान सोडला, इतकंच. घरी कोणालाही हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पण हे काहीच नाही. खरी गोष्ट पुढे आहे आणि ती सांगायला मला या पानापर्यंत यावं लागलं.

मामांच्या घरामागे एक छोटी बांधी आहे, दोन बैल आडवे उभे केले तर भरून जाईल अशी. मोठ्या शेतात ते सगळ्यांसारखं दुकानाचं धान लावत. या बांधीत मात्र त्यांचं स्वतःचं धान असे. बुटकं, वाऱ्यापावसात न लोळणारं, दिवाळीआधी हाती येणारं. त्याचा भात शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत जायचा. येणारा जाणारा दारात थबकून विचारायचा, "काऊन भाऊ, आज कोण पाहुणे?" त्या धानाला नाव नव्हतं. मामी त्याला 'घरचं' म्हणे. कापणीच्या आदल्या दिवशी मामा उपाशीपोटी, अनवाणी, तोंडातून शब्द न काढता त्या बांधीत उतरत आणि देवाचा वाटा काढत. एकेक लोंब हातात घ्यायची, फिरवून पाहायची, हुंगायची, पसंत पडली तर खुडायची. सकाळी गेलेला माणूस दुपारी बाहेर येई. त्या लोंबांची वेणी घालून ते ती चौरीच्या वर, आढ्याला टांगत. पुढचं वर्षभर ती चुलीच्या धुरात काळी होत लटकत राही. बाकीचं धान आम्ही खायचो. मी एकदा विचारलं होतं, "सगळ्यात चांगल्या लोंबा देवाला कशाला? तो काय खातो?" मामा म्हणाले, "मंग काय उरलंसुरलं द्याचं?"

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी मे महिन्यात मामांकडे गेले. मामा-मामींना दोन दिवस बालाघाटकडे लग्नाला जायचं होतं, घर आणि गाई माझ्यावर. मी ठरवलं, परत येतील तेव्हा घर चकाचक करून दाखवायचं. जाळी काढली, भिंती पोतारल्या. चौरीच्या वर ती काळीकुट्ट वेणी लटकत होती. मला वाटलं, हेच ते. धूळ, काजळी, आणि सोन्यासारखं धान अंधश्रद्धेपायी सडत पडलेलं. मी स्टुलावर चढले, वेणी काढली, अंगणात नेली आणि हातांनी चोळून कोंबड्यांना टाकली. दहा मिनिटांत काम झालं. खरं सांगते, मला त्या वेळी फार मोठं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं आले. अंगणात शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. मामांनी पिशवी खाली ठेवली, आणि पाणीसुद्धा न पिता आधी माझ्या पाया पडले. मग आत गेले आणि तसेच बाहेर आले. "बाई, वरची वेणी?" मी तयारच होते. मी म्हणाले, "देवाचा वाटा कोंबड्यांनी खाल्ला, मामा. काय केलं देवानं? काही नाही. उलट अंडी देतील." शेजारणी हसल्या. मामीने तोंडावर हात ठेवला.

"सप्पाच?" मामांनी विचारलं.

"सगळा."

ते दारातल्या ओट्यावर बसले. म्हणाले, "बिजाई होती थे, बाई."

मला आधी कळलंच नाही. आमच्या घरी बियाणं दुकानातून पुड्यात यायचं. घरामागच्या बांधीत दर वर्षी काय पेरतात, कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मामी रडत रडत सांगू लागली तेव्हा कळलं. देव वर्षभर त्या लोंबा सांभाळतो, धुराने कीड लागत नाही, आणि पेरणीच्या दिवशी तो त्या परत देतो. देवाने दिलेलं पेरायचं, त्यातलं सगळ्यात चांगलं पुन्हा देवाला. मामांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. साध्या धानातून दर वर्षी न लोळणारी, लवकर पिकणारी, वासाची लोंब निवडत निवडत तीन पिढ्यांनी ते धान तयार केलं होतं. आणि माणूस आपल्या पसंतीने निवड करत करत नवी जात कशी घडवतो, हा प्रश्न मला महिन्याभरापूर्वीच पेपरात आला होता. मी कबुतरं लिहिली, कुत्री लिहिली, कोबी-फुलकोबी लिहिली. चांगले मार्क पडले.

मामी रागाचे दोन शब्द बोलली असेल, मामा एकही बोलले नाहीत. भाचीला बोलायचं नसतं. मला वाटत होतं त्यांनी एक थोबाडीत द्यावी. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौरीसमोर उभे राहिले, आणि मी अंथरुणातून कान देऊन ऐकत होते की आता माझं नाव निघणार. नाव निघालं नाही. त्या दिवशी मामांनी देवाला काही विचारलंच नाही. नुसती उदबत्ती लावली.

पाऊस सुरू झाल्यावर मोरीजवळ, भिंतीच्या कडेला, धुण्याच्या दगडाच्या फटीत धानाचे कोंब आले. मी ओरडतच मामांना बोलावलं. मामी म्हणाली, "त्या कोंबड्याईले मी बी तं रोज दुकानाचं धान टाकतो वो. त्यातलं कोणतं थे तुले काय समजते?" मला समजत नव्हतं. मी डिग्रीवाली, पण इवल्या इवल्या हिरव्या पात्यांवरून ओळखता येत नव्हतं. मामा गुडघे धरत खाली बसले, एकेक रोप मुळासकट काढलं आणि सगळीच घरामागच्या बांधीत नेऊन लावली. "देवाचं कोणतं अन् दुकानाचं कोणतं, थेच सांगन मोठं होऊन," एवढंच म्हणाले.

याला आता नऊ वर्षं झाली. मी एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीचा धडा आला की पोरं विचारतात, "मॅडम, मंग देव हाय का नाई?" मी पूर्वी फटकन उत्तर द्यायचे. आता म्हणते, मला तरी दिसला नाही, पण मला पुष्कळ गोष्टी समोर लटकत असून दिसल्या नव्हत्या. मी अजूनही देव मानत नाही. मामांना ते माहीत आहे. "नको मानू," ते म्हणतात. "तुहं डोकं बी त्यानंच घाईत बनोलं असन."

त्यांना आता दिसत नाही फारसं. मोतीबिंदू काढला, तरी लोंबेवरचा फरक कळत नाही. म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी मी शाळेतून सुट्टी काढते, उपाशीपोटी जाते, चप्पल बांधावर काढते आणि त्यांच्यापुढे बांधीत उतरते. न बोलण्याचा नियम आम्हाला मोडावा लागला आहे. त्या रोपांतून निवडत आणलेल्या धानात बुटकेपणा परत आला आहे, ते लोळत नाही, दिवाळीआधी पिकतंही. वास नाही. शिजवलं की नुसता भात होतो.

मागच्या कापणीला एका लोंबेशी मी जरा जास्त वेळ थांबले. मामांनी मागून माझा खांदा धरला. "आला का वो वास?"

मी पुन्हा हुंगली. तळहातावर चोळून हुंगली. त्यांचं वय मला माहीत आहे, आणि एकदा 'हो' म्हणायला काय जातं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. पण ती लोंब देवाकडे जाणार होती, आणि देवाकडून परत याच बांधीत.

"नाही, मामा," मी म्हणाले.

त्यांचा हात खांद्यावर तसाच होता. "असू दे," ते म्हणाले. "पुढची पाह्य." आणि पायाने चिखल चाचपत माझ्यामागून एक पाऊल पुढे आले.