शाळेच्या बातम्या

"बाई, खरं सांगू की चांगलं सांगू?"

काहीही विचारलं की ती आधी हे विचारायची. उभं राहताना डाव्या वेणीची रिबीन घट्ट ओढून घ्यायची आणि मग हा प्रश्न. त्यात आगाऊपणा नव्हता हो. दुकानदार पिशवी देऊ का म्हणून विचारतो, तितक्याच साधेपणाने ती विचारायची. गृहपाठ झाला का? खरं सांगू की चांगलं सांगू? खिचडी कशी होती? खरं सांगू की चांगलं सांगू? आमच्यापैकी बहुतेक शिक्षक घाईत असत, त्यामुळे "चांगलं सांग" म्हणून मोकळे होत. मग ती "छान होती" म्हणे आणि खाली बसे. त्या "छान"मधून खिचडीचं जे काय व्हायचं ते होऊन जाई.

आमची शाळा भांडुपच्या चढावरची, महापालिकेची. तुम्ही त्या भागातून गेला असाल तर पाहिलीही असेल, पण कुठल्या बाजूने पाहिली त्यावर तुमचं मत ठरेल. रस्त्याकडून पाहिलीत तर नवा रंग, मोठं फाटक, भिंतीवर फुलपाखरं. नाल्याकडून पाहिलीत तर एक लोखंडी दार आणि त्याच्याशी कायमची उभी असलेली एक मोडकी घंटागाडी. इमारत एकच, शाळा दोन. वरच्या दोन मजल्यांवर महापालिकेचीच नवी इंग्रजी शाळा, तळमजल्यावर आमची मराठी, दहावीपर्यंतची. वरच्यांनी रस्त्याच्या फाटकातून यायचं, खालच्यांनी नाल्याच्या. जिन्याला जाळीचं दार आणि त्याला कुलूप, वरच्या मुलांच्या येण्याजाण्यापुरतं निघणारं. मुलं सरळ "वरची शाळा" आणि "खालची शाळा" म्हणायची. आम्ही मोठी माणसं तसं म्हणत नसू, पण आम्हीही त्याच दारांनी येत-जात होतो. वर प्रवेशासाठी सोडत निघायची आणि वस्तीतले लोक देवाला नारळ बोलून यायचे. आम्ही शिक्षकांनी आपापली मुलं कुठे घातली होती, ते विचारू नका.

तिच्या घरात ही सोडत एकदा लागली. ती सातवीत असताना तिच्या धाकट्या बहिणीचं नाव निघालं. दोघी घरून हात धरून निघत, शाळेच्या कोपऱ्यावर हात सोडत, आणि एक रस्त्याने, एक नाल्याने जाई. एकदा मी तिला सहज म्हटलं, वाईट वाटतं का गं? तिने रिबीन ओढली. मी घाईने म्हटलं, असू दे.

आठवीत ती माझ्या वर्गात आली. तिचा आवाज खणखणीत, म्हणून परिपाठात बातम्या वाचायचं काम मी तिला दिलं. आमचे दोन्ही परिपाठ एकाच मैदानात होत. आधी वरच्यांचा, मग आमचा. माईक दोघांत मिळून एकच. वरची मुलं त्यांची प्रार्थना संपवून जिना चढायला रांगेत उभी असत तेव्हा आमचा सुविचार, दिनविशेष आणि बातम्या सुरू होत. बातम्या म्हणजे पेपरातल्या चार ओळी. पहिले आठ दिवस तिने त्या वाचल्या. नवव्या दिवशी चार ओळी संपल्यावर ती थांबली नाही.

"आता शाळेच्या बातम्या. तळमजल्यावरच्या मुलींच्या संडासाची कडी गेल्या सोमवारपासून तुटलेली आहे. मुली जोडीने जातात. एक आत जाते, एक दाराशी उभी राहते."

पुढचं राष्ट्रगीत आम्ही सगळ्यांनी जरा जास्तच ताठ उभं राहून म्हटलं. आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनी मला आत बोलावून विचारलं की हे काय होतं. मी म्हटलं, पोरीने उत्साहात वाचलं असेल. पण दुसऱ्या दिवशी कडी बसली. शिपाईमामांनीच स्वतःच्या घरची आणून बसवली. तिसऱ्या दिवशी तिने तीही बातमी वाचली, मामांच्या नावासकट, आणि तेव्हापासून मामा तिचे झाले.

मग तिने वर्गातल्या चार-पाच जणांना वार्ताहर केलं. तिचे नियम कडक होते. बातमीत कुणाला नावं ठेवायची नाहीत. वाईट वाटलं, राग आला, असलं काही घालायचं नाही. जे आहे ते दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. एकदा एक मुलगा धावत आला आणि वरच्या वर्गात एसी लावलाय म्हणाला. तिने विचारलं, तू बघितलास? तो म्हणाला, सगळे बोलतायत यार. ती म्हणाली, "सगळ्यांना घेऊन ये, त्यातले दोन निवडते." एसी नव्हताच, ती बातमी रद्द झाली. पण वरच्या नळांना फिल्टर आहे आणि खालच्या टाकीला झाकण नाही, हे दोघांनी पाहिलं होतं, ते वाचलं गेलं. मोठ्या बाई वैतागत, पण तिला थांबवायचं कारण त्यांना सापडेना. खोटं एकही अक्षर नसायचं त्यात. शिवाय टाकीला झाकण आलं ना, ते त्यांनाही हवंच होतं.

इथपर्यंत मी ही सगळी गंमत मागे उभं राहून पाहत होते. कौतुकही करत होते, स्टाफरूममध्ये. मग मार्च आला.

मार्चमध्ये शाळेच्या सामानाची तपासणी असते. डेडस्टॉकच्या वहीत शाळेतली प्रत्येक वस्तू लिहिलेली असते, घंटेपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत, आणि दर वर्षी कुणीतरी ती प्रत्यक्ष पाहून पुढे "तपासले, बरोबर" लिहून सही करायची. हे कुणीतरी म्हणजे सात वर्षं मी. त्या वर्षी तिचं अक्षर चांगलं आणि माझा चष्मा बदलायला टाकलेला, म्हणून तिला मदतीला बसवलं. ती वाचे, मी बरोबर म्हणे, ती लिही.

"लाकडी फळा, नग चार."

"बरोबर."

"मायक्रोस्कोप, नग सहा."

"बरोबर."

तिने लिहिलं नाही. "बाई, कुठे आहेत?"

मी म्हटलं, वर आहेत, दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी सगळी इमारत आपली होती, तेव्हाची प्रयोगशाळा. वरचा मजला त्या शाळेला दिला, कपाटं तिथेच राहिली, नावं आपल्याच वहीत राहिली.

"तुम्ही बघितलेत?"

"दर वर्षी सही करते म्हणजे बघितलेच की."

तिने रिबीन ओढली. "बाई, खरं सांगताय की चांगलं?"

मी आयुष्यात बऱ्याच अधिकाऱ्यांच्या नजरा झेलल्या आहेत. तेरा वर्षांच्या मुलीकडे मला बघवेना. मी बदली होऊन आले त्या वर्षी वर कुलूप होतं. आधीच्या बाईंनी "तपासले, बरोबर" लिहिलं होतं, मीही लिहिलं. पुढच्या वर्षी मागचं पाहून लिहिलं. सात वर्षांत मी तो जिना एकदाही चढले नव्हते, आणि माझ्याच वर्गाला मायक्रोस्कोपची फळ्यावर आकृती काढून देत होते. बाण दाखवून नावं. मी तिला तसं सांगितलं.  सात सह्या तेवढ्या तिने पानं उलटून मोजल्या.

दोन दिवसांनी मामांनी दुपारच्या सुट्टीत तिला आणि तिच्या एका वार्ताहराला जिन्याचं कुलूप काढून वर नेलं आणि प्रयोगशाळेच्या काचेच्या दारातून आत दाखवलं. कपाट होतं, मायक्रोस्कोप होते, पुढ्यात मागच्या स्नेहसंमेलनाचे थर्मोकोलचे ढग पडले होते. त्याच दिवशी ती माझ्यापाशी आली. "बाई, उद्याच्या बातमीत तुमची सही येईल. चालेल?"

तिच्या मागोमाग तिची आई आली. ताई काय वाचणार आहे ते धाकटीने घरी आधीच सांगितलं होतं. त्या मालवणकडच्या, एका पॅकिंगच्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या. मला म्हणाल्या, "बाईनु, हिका जरा सांगा. धाकट्येक वरच्या शाळेतसून काढल्यानी तर मी काय करू?" मी सांगते म्हटलं. मनातून मला हायसंच वाटलं होतं. आता गप्प राहायला एक चांगलं कारण मिळालं होतं, आणि ते माझं नव्हतं. तिला बाजूला घेऊन मी आईचं सांगितलं. ती वेणीशी खेळत म्हणाली, "तुम्ही वाचू नको म्हणालात तर नाही वाचणार. पण तुम्हीच सांगा."

आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ती गेली. मला निवृत्तीला तीन वर्षं होती. मेमो आला तर सेवापुस्तकात नोंद होते आणि पेन्शनीच्या वेळी तेच पान उघडतं, हे मला पाठ होतं. त्या संध्याकाळी मी भाजी निवडता निवडता सगळ्या सबबी काढून पाहिल्या. एकही त्या मुलीसमोर बोलता आली नसती. मला माझी फार लाज वाटली. सकाळी मी माईक तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाच. सहीसकट वाच."

तिने वाचलं. आपल्या शाळेच्या वहीत सहा मायक्रोस्कोप आहेत. ते दुसऱ्या मजल्यावर कपाटात आहेत, दोघांनी पाहिले. आठवीच्या एकाही मुलाने त्यातून काही पाहिलेलं नाही. बाईंनी सात वर्षं तपासल्याची सही केली आहे. बाई म्हणतात, त्यांनी तपासलं नव्हतं.

 मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी माझ्या चपलांकडे. तेवढ्यात जिन्याशी उभ्या असलेल्या वरच्या शाळेच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

"ताई, आमीपण नाय बघितले!"

धाकटी होती. तिच्या मागून तिची सगळी रांग ओरडायला लागली, आम्हीपण नाही, आम्हीपण नाही. आणि तेव्हा आम्हा मोठ्या माणसांच्या डोक्यात उजेड पडला. वरची शाळा नवी, शिशुवर्गापासून दर वर्षी एक इयत्ता वाढत तेव्हा जेमतेम चौथीपर्यंत पोचलेली. त्यांना प्रयोगशाळा लागतच नव्हती. खालच्यांपासून जपून ठेवलेले ते मायक्रोस्कोप कुणासाठीच नव्हते. थर्मोकोलच्या ढगांसाठी होते म्हणा हवं तर.

मेमो आला. मी उत्तरात "तपासले नव्हते" असं लिहिलं, त्याची नोंदही झाली, आणि सांगायचं तर त्यानंतर मला झोप चांगली लागली. धाकटीचं नाव कुणी काढलं नाही. एवढी रांगच्या रांग बोलल्यावर कुणाकुणाचं काढणार? मग वॉर्डातून एक साहेब चौकशीला आले. पोक्त माणूस. त्यांनी तिला बोलावून विचारलं की शाळेत काय अडचण आहे. तिने तिचा प्रश्न विचारला. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तू खरं सांग. चांगलं मी लिहितो." ती अर्धा तास बोलत होती.

जूनमध्ये जिन्याचं कुलूप निघालं. बुधवारी आणि शनिवारी प्रयोगशाळा आमची. दोन फाटकं मात्र तशीच राहिली. ती आजही तशीच आहेत, आणि तिच्या वार्ताहरांनी ती बातमी कितीदा वाचली असेल त्याला गणती नाही.

पहिल्या बुधवारी सगळी नववी वर गेली. कांदा तिने घरून आणला होता. पातळ पापुद्रा काढला, काचेवर ठेवला, डोळा लावला, आणि अजून जवळून दिसावं म्हणून चाक फिरवत राहिली. फिरवत राहिली, आणि कट् असा आवाज आला. भिंग तडकलं. साहेबांसमोर अर्धा तास बोलणारी ती मुलगी तिथे कपाटाला टेकून हमसून रडली. मी तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या मायक्रोस्कोपशी नेऊन उभी केली. डोळे पुसून तिने पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाई, विटा रचल्यासारखं आहे." फळ्यावर पेशींच्या आकृतीत मी सात वर्षं तेच काढत आले होते, तरी तिच्या मागून मी वाकून पाहिलं तेव्हा मलाही ते नवीनच वाटलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात बातमी आली. काल एक मायक्रोस्कोप बिघडला. वाचणारीच्या हातून.

आता ती मुलुंडच्या कॉलेजात सायन्सला आहे. दहावीचा दाखला न्यायला आली तेव्हा कशी आहेस म्हणून विचारलं, तर नुसती हसली. घाईत होती. फाटकाशी आईला थांबवून आली होती. रिबिनी गेल्या होत्या, केस कापलेले होते, हात मात्र सवयीने डाव्या खांद्याकडे गेला आणि रिकामाच परत आला.

यंदा मार्चमध्ये माझी शेवटची तपासणी झाली. मी वही घेऊन एकटीच वर गेले. प्रत्येक मायक्रोस्कोपला हात लावून मोजलं. खाली येऊन लिहिलं, "नग सहा. पाच चालू. एकाचे भिंग तडकलेले, विद्यार्थ्यांनी वापरताना." मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, अहो, जाता जाता कशाला ही भानगड, चांगलं काहीतरी लिहा ना.

मी म्हटलं, "चांगलंच लिहिलंय बाई." आणि खाली सही केली.